मदत हवी आहे: रेवस–रेड्डी सागरी महामार्गाने चारचाकीतून प्रवास, खाड्यांचे नियोजन कसे करावे?

नमस्कार. डिसेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन आपल्या कोकणच्या सागरी महामार्गाने, म्हणजे प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४ ने, रेड्डीपर्यंत जाण्याचा विचार आहे. मुंबई–गोवा महामार्गावर शक्यतो चढायचेच नाही, असा वडिलांचा आग्रह आहे. गाडी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरवणार असल्यामुळे सुरुवातीचा प्रश्न सुटलेला आहे.

हा रस्ता सुमारे 540 किलोमीटरचा सांगतात आणि नकाशावर रेघ अखंड दिसते. पण रेवदंडा–साळाव पूल ओलांडून मुरूडच्या पुढे गेले, की ती रेघ चार ठिकाणी पाण्यात उतरते. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चारही ठिकाणी पुलांची चर्चा वर्षानुवर्षे चालू असली, तरी गाडी आजही जंगलजेटीवरच, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवरच, चढवावी लागते. त्यामुळे रोजचा पल्ला किलोमीटरमध्ये मोजावा की भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर, हाच माझा मूळ प्रश्न आहे.

आमची गाडी बुटकी सेडान आहे. ऐन ओहोटीला बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यातला कोन वाढतो आणि गाडीचा तळ घासतो, असे एका परिचितांनी सांगितले. हा त्रास चारही ठिकाणी होतो, की एखाद्याच धक्क्यावर? आईचे गुडघे दुखत असल्याने बोट चालू असताना तिला गाडीतच बसू देतात का, हेही कृपया सांगावे. संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता सुटते, याची ताजी माहिती कोणाकडे असेल तर फार उपयोग होईल. बागमांडल्याला बोट चुकलीच, तर आंबेत–म्हाप्रळ पुलावरून मंडणगडकडे जाता येईल, एवढे मला ठाऊक आहे. परंतु दाभोळला बोट चुकल्यास चिपळूणपर्यंत वळसा घालण्यापेक्षा दापोलीतच मुक्काम करावा, असे वाटते. हा अंदाज बरोबर आहे का?

वेसवीला उतरल्यावर केळशी–आंजर्ले–हर्णै हा किनाऱ्यालगतचा रस्ता धरावा, की मंडणगडवरून आतून दापोली गाठावी? वळणे आणि अरुंदपणा यांची मला भीती नाही, मात्र समोरून एसटी आल्यावर बाजू द्यायला जागा मिळते का, हे जाणून घ्यायचे आहे.

जयगडपासून दक्षिणेला भाट्ये, पूर्णगड आणि जैतापूर येथे पूल असल्याने तो भाग सोपा वाटतो. गणपतीपुळे आणि मालवण हे दोन मुक्काम जवळजवळ ठरले आहेत. शंका फक्त जैतापूर ते विजयदुर्ग या टप्प्याची आहे, कारण वाघोटण खाडीसाठी किती आत जावे लागते, ते नकाशावरून नीट उमगत नाही. मालवणहून वेंगुर्ल्याला चिपी–परुळे मार्गे जाणारा रस्ता सध्या कसा आहे?

एकूण सहा दिवस हाताशी आहेत. किल्ले चढणे आमच्याकडून होणार नाही, त्यामुळे स्थळांची यादी नको. अलीकडे स्वतः या जंगलजेटींवरून गाडी नेलेल्यांनी दिवसांची वाटणी सुचवल्यास आभारी राहीन.