मदत हवी आहे : मधुमेह असताना अनवाणी चालावे का?

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि अलीकडे त्यांनी सकाळी हिरवळीवर अनवाणी चालण्याचा नेम धरला आहे. अनवाणी चालण्याने तळपायातील लहान स्नायूंना व्यायाम मिळतो आणि जमिनीचा स्पर्श थेट कळत असल्यामुळे तोल सांभाळण्यास मदत होते, हे मला मान्य आहे. मात्र दवातून चालल्यास चष्म्याचा नंबर उतरतो, असे जे त्यांना कोणीतरी सांगितले आहे, त्याला काहीही आधार नाही. साखर कमी होते ती चालण्याने, मग पायात बूट का असेनात.

माझी खरी काळजी वेगळी आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावू शकते. परवा त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिला होता आणि सायंकाळी आईला तो दिसेपर्यंत त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. अशी न जाणवलेली जखम चिघळू शकते, म्हणूनच मधुमेहींना घरातही अनवाणी न फिरण्याचा सल्ला दिला जातो. नायलॉनच्या १० ग्रॅम मोनोफिलामेंटने (सुमारे १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या बारीक तंतूने) तळपायाची संवेदना तपासून घेण्यास ते तयार आहेत, पण चपला घालण्यास नाहीत, कारण आषाढी वारीत अनवाणी चालावे ही त्यांची मनापासूनची इच्छा आहे.

आपल्यापैकी कोणी घरातील मधुमेही वारकऱ्याला एमसीआर चप्पल (मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळव्याची चप्पल) वापरण्यास राजी केले असल्यास ते कसे साधले, आणि तळपायाचे बसून करता येण्याजोगे कोणते व्यायाम तज्ज्ञांनी सुचवले, हे कृपया सविस्तर कळवावे.