कॉलेज टेनिस: मुलांची आणि मुलींची टीम एकाच कोचच्या हाताखाली असावी का?

बेसलाईन_बंड्या
आम्ही ओहायोत असतो, मुलगी अकरावीत, सध्या कॉलेज कोचेसना मेल पाठवणं चालू आहे. त्यात दिसलं की बऱ्याच मध्यम आणि लहान युनिव्हर्सिटीत मेन्स आणि विमेन्स दोन्ही टीमचा एकच डायरेक्टर असतो, त्याच्या हाताखाली असिस्टंट. बायकोला हे अजिबात पटत नाही, मला मात्र बरोबर वाटतं. कोर्ट तीच, रॅकेट स्ट्रिंग करायचं मशीन तेच, फिजिओ तोच, मग दोन वेगळी संस्थानं कशाला? आणि २०२० मध्ये आयोवा आणि मिनेसोटा दोघांनी मेन्स टेनिस सरळ बंद करायचं जाहीर केलं, बिग टेन या मोठ्या लीगमधल्या युनिव्हर्सिट्या आहेत या, काही भिकेला लागलेल्या नव्हत्या. सगळा एकच कारभार असला तर अशी एक टीम उचलून फेकणं जरा जड जाईल असं माझं मत. बोला.

टेक्सासवाली_मावशी
बंड्या, कागदावर छान दिसतं रे. जानेवारी ते मे सीझन, एका ड्युअल मॅचमध्ये, म्हणजे दोन कॉलेजांच्या टीमच्या सामन्यात, आधी तीन डबल्स, त्यातल्या दोन जिंकल्या की मिळून एक पॉइंट, मग सहा सिंगल्स, ज्याचे आधी चार झाले तो जिंकला. सहा कोर्टांवर एकदम खेळ चालू आणि वर नो-अॅड, म्हणजे ड्यूस झाला की एका पॉइंटवर गेम गेला, इथे कोच आणि असिस्टंट मिळूनही सहा कोर्टांना पुरत नाहीत, आणि तू म्हणतोस त्याच शनिवारी दुसरी टीमपण त्यानेच बघावी. मुलं एका गावाला, मुली दुसऱ्या गावाला अशी वेळ आली की हेड कोच कुठल्या व्हॅनमध्ये बसतो ते बघ, सगळं कळेल. मी बघितलंय, बहुतेक वेळा मुलांच्याच.

डेक्कनचा_पप्पू
मावशी पण ब्रायन शेल्टनचं काय? प्रो टेनिसपटू बेन शेल्टनचे वडील. जॉर्जिया टेकच्या मुलींना २००७ मध्ये नॅशनल टायटल, फ्लोरिडाच्या मुलांना २०२१ मध्ये. म्हणजे चांगल्या माणसाला दोन्ही जमतं.

टेक्सासवाली_मावशी
पप्पूशेठ, तारखा तुम्हीच दिल्यात की. आधी मुलींची टीम, ती सोडून मग मुलांची. दोन्ही एकदम नव्हत्या हो त्याच्याकडे! स्टॅनफर्ड घ्या, मुलांकडे डिक गूल्ड १९६६ ते २००४, १७ टायटल्स, मुलींच्या टीमचे कोच वेगळे, आणि मुलींची टायटल्स तर त्याहून जास्त. एकमेकांचं बघून शिकतात, पण कारभार आपापला.

नो_अॅड_नको
मुलाचा बाप म्हणून बोलतो, राग मानू नका. सगळे मुलींवर अन्याय म्हणतात पण इतकी वर्षं डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, मुलींच्या टीमला ८ पूर्ण स्कॉलरशिप आणि मुलांच्या टीमला साडेचार, तीपण तुकडे करून आठ-दहा पोरांत वाटायची, कुणाला ४० टक्के कुणाला २० टक्के, उरलेली फी बापाने भरायची. टायटल नाईनचा, म्हणजे शिक्षणात मुला-मुलींना सारखी वागणूक द्यायच्या अमेरिकन कायद्याचा, हा हिशोब आमच्याच पोरांच्या ताटातून का? एकच डायरेक्टर असला तर निदान त्याला दोन्ही बाजू दिसतील.

टेक्सासवाली_मावशी
भाऊ तो हिशोब टेनिसने नाही खाल्ला, अमेरिकन फुटबॉलने खाल्ला. तिकडे एका टीमला ८५ स्कॉलरशिप होत्या, त्या भरून काढायला मुलींच्या बाजूला वाढवल्या आणि मुलांच्या छोट्या खेळांना कात्री लावली. डायरेक्टर एक असो की चार, ती कात्री त्याच्या हातात कधीच नव्हती. १९७२ चा कायदा नसता तर मुलींना टीमच मिळाली नसती, एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेची, मुलींची टेनिस चॅम्पियनशिप सुरू व्हायलाच १९८२ उजाडलं. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीला खेळली आणि पुढे हांगझोच्या एशियन गेम्सला बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड आणलं, ते काय हवेतून आलं का?

बेसलाईन_बंड्या
मावशी टायटल नाईनवर माझं भांडण नाहीच. पण आता चित्र बदललंय ना. कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या २०२५ च्या कोर्टातल्या सेटलमेंटनंतर ज्या युनिव्हर्सिटी त्यात सामील झाल्या तिथे स्कॉलरशिपचा जुना आकडा गेला, दोन्ही टीमना रोस्टर, म्हणजे जास्तीत जास्त खेळाडू, १० चा, पैसे असतील तर दहाच्या दहा पूर्ण द्या. म्हणजे आता नियम नाही, बजेट ठरवणार, आणि खेळाडूंना थेट पैसे द्यायचे तर ते आधी फुटबॉल बास्केटबॉलकडे जाणार. अशा वेळी टेनिसचे दोन कोच एकाच साहेबाच्या दारात वेगवेगळे उभे राहिले तर दोघंही रिकाम्या हाताने परत येतील.

नो_अॅड_नको
+१. पटलं.

टेक्सासवाली_मावशी
साहेबाकडे मागायला एकत्र जा, कोण नाही म्हणतंय. पण एक माणूस कमी करायला सोपं जातं म्हणूनच हे एकत्र करतात, एका हेड कोचचा पगार वाचला, मुलींकडे दुसरा असिस्टंट दिला की झालं. आणि असिस्टंट टिकत नाहीत, हेड कोचची जागा निघाली की दुसरीकडे उडाले. ज्याच्या भरवशावर मुलगी साइन करते तोच दुसऱ्या वर्षी नसतो.

डेक्कनचा_पप्पू
हा पॉइंट खरा आहे. माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. हेड कोच सीझनभर मुलांबरोबर फिरत होता, तिला शेवटी ट्रान्सफर घ्यावी लागली. तरी मी म्हणेन दोन्ही टीमना स्वतःचा हेड कोच आणि वर नावापुरता एक डायरेक्टर, बजेटची भांडणं करायला.

बेसलाईन_बंड्या
नावापुरता म्हणालात तर मग तो पगार तरी कशाला पप्पूशेठ. असो, पुढच्या महिन्यात दोन ठिकाणी व्हिजिट आहे, एका ठिकाणी एकच कोच, दुसरीकडे वेगळे. मावशी, काय विचारू सांगा.

टेक्सासवाली_मावशी
दोन्हीकडे हेच विचार: हिवाळ्यात इनडोअर कोर्टचा दुपारचा स्लॉट कुणाला आणि पहाटे सहाचा कुणाला, मागच्या सीझनला मुलींच्या किती अवे मॅचेसना हेड कोच स्वतः होता, आणि असिस्टंट किती वर्षं आहे. कोचला नको विचारू, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठ, आणि तेव्हा तू बाजूला हो, लेकीला बोलू दे.