प्रतिसाद : फ्रीजमधलं कांद्याचं बी

दोन वर्षं फ्रीजमध्ये ठेवलेलं कांद्याचं बी उगवलं नाही म्हणून तुम्ही थंडीला दोष देताय, पण मला वाटतं घात ओलीने केला. कांद्याचं बी मुळातच अल्पायुषी. हवाबंद ठेवायचं तर ओल ६ टक्क्यांवर आणावी लागते. मी सावलीत खडखडीत वाळवून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून काचेच्या बरणीत भरते. आणि फ्रीजमधून बाहेर काढल्या काढल्या बरणी उघडू नका हो! रात्रभर तशीच राहू द्या, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. माझं किलोभर बी असंच गेलं, काळे दाणे बोटांना चिकटत होते. पेरणीआधी १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा. बारा दिवसांत निदान ७० दाण्यांना मोड यायला हवेत.