अनुभव धागा: नाशिकमध्ये तुम्हाला कुठे बसू दिले, कुठून उठवले?

आपल्या शहरात मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, आदिवासी विकास आयुक्तालय इथेच आहे आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती तर त्याहूनही जुन्या आहेत. त्यामुळे शिकायला आणि कामाला येणाऱ्या मुलामुलींची नाशिकला सवय असेल, असे आपण धरून चालतो. ते कितपत खरे आहे, हे ज्यांनी सोसले किंवा अनुभवले त्यांनीच लिहावे, म्हणून हा धागा काढला आहे. शासकीय योजनांची माहिती अन्यत्र मिळते, तेव्हा ती इथे नको. शहराने तुम्हाला कुठे थारा दिला आणि कुठे दिला नाही, एवढेच लिहावे. वडीलधाऱ्यांचेही स्वागत आहे.

पेठ तालुक्यातून आलेली विद्यार्थिनी

बारावीनंतर मी आणि आई दोन पिशव्या घेऊन पेठ नाक्यावर उतरलो. त्यातल्या एका पिशवीत नागलीचे पीठ होते. 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' अशी पाटी पाहून आम्ही दिवसभरात पाच घरांच्या पायऱ्या चढलो. प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव विचारले जाई, मग गाव, आणि गावाचे नाव ऐकले की जागा कालच गेलेली असे. आईने तिसऱ्या घरानंतर बोलणेच सोडले होते.

शेवटी पंचवटीतल्या एका काकूंनी आत बोलावून आधी पाणी दिले. त्यांच्या घरी फाटक नऊला बंद होत असे आणि माझी अभ्यासिका साडेनऊपर्यंत चाले, म्हणून मी महिनाभर अर्धा तास आधीच उठून येत होते. एकदा त्यांनी कारण विचारले, मी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी परकराच्या नाडीत ओवलेली एक किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आवाज न करता ये गं, माझी झोप सावध आहे," एवढेच म्हणाल्या. नागलीची भाकरी थापताना त्यांच्याकडून अजूनही मोडते. मी शिकवते आहे.

अंबडमधील शिकाऊ उमेदवार, मूळ गाव शिरपूरकडचे

आमच्या खोलीत सहा जण राहतात आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे कोणी ना कोणी कायम झोपलेले असते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी खोलीत बसता येत नाही आणि बाहेर बसायचे म्हटले तर कॉलेज रोडवरची एक कॉफी माझ्या दोन वेळच्या डब्याइतकी पडते. गोदाघाटावर पायऱ्यांवर बसलो की बरे वाटते, पण एका सोसायटीबाहेरच्या बाकावर बसलो असताना रखवालदाराने "काय काम आहे इथे?" असे विचारले, त्या प्रश्नाचे उत्तर मला आजही सुचलेले नाही. मला काही काम नव्हते, म्हणून तर बसलो होतो.

पहिल्या पावसाळ्यात सिडकोतल्या एका मैदानावर ढोल पथकाचा सराव चालला होता आणि मी कडेला उभा होतो. एका दादाने काही न विचारता टिपरू हातात दिले. तळहाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले, आणि गणपतीपर्यंत मला शहरात नावाने हाक मारणारी तीस-चाळीस माणसे झाली. आवाजाबद्दल शेजारचे लोक तक्रार करत, त्यांचेही चुकीचे नव्हते, कारण त्यांच्याकडे दहावीची मुले होती. मग सराव आठला संपवायचा असे ठरले आणि तो संपतोही.

पोलीस भरतीची तयारी करणारी

आम्हा मुलींना भरतीत ८०० मीटर धावावे लागते. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्या भागात मुलगी पळताना दिसली तर कोणी हसत नाही, हा मोठाच फरक आहे. पण शहरातल्या ज्या मैदानावर मी पहाटे पाचला जाते, तिथल्या स्वच्छतागृहाचे कुलूप आठला उघडते. हे लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते: आम्ही काही जणी त्यासाठी रात्रीपासून पाणीच पीत नव्हतो आणि त्यातली एक मैत्रीण धावताना चक्कर येऊन पडली. त्यानंतर जवळच्या मिसळवाल्या मावशींनी, ज्या रस्सा करायला पहाटेच उठतात, त्यांच्या घरामागचे दार आमच्यासाठी उघडे ठेवायला सुरुवात केली. मैदानावरच्या स्वच्छतागृहाचे कुलूप अजून आठलाच उघडते.

वय ५८, गंगापूर रोड

थोडक्यात लिहितो. बेकारीच्या दिवसांत मी वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी दुपारभर बसत असे. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे, म्हणजे माझ्यासारखे किती जण तिथे बसून गेले असतील. मला कोणी उठवले नाही.

निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर

आमच्या सोसायटीचे सभागृह वर्षातून गणेशोत्सवाला आणि वार्षिक सभेला उघडत असे. ते विद्यार्थ्यांना अभ्यासाला द्यावे असे मी सुचवले तेव्हा विजेच्या बिलापासून "मुले-मुली एकत्र बसणार का?" इथपर्यंत सगळे निघाले. आम्ही ज्येष्ठांनी मिळून सतरा नियमांचा फलक लावला आणि चार महिन्यांत तिथे येणारी मुले सहावर आली. मला वाटले, यांना अभ्यासच नको आहे. ती माझी चूक होती. एका मुलीने विचारले, "आजोबा, हे नियम करताना आमच्यापैकी कोणाला बोलावले होते का?" त्यानंतर मुलांनीच बसून चार नियम केले, नोंदवही ठेवली आणि झाडलोटीची पाळी लावली. बिल वाढले, ते आम्ही काही जण भरतो, कुरकुरत का होईना.

अंबडमधील शिकाऊ उमेदवार

काका, तुमच्या सभागृहात नोकरी करणाऱ्यांनी आलेले चालते का? मला डिप्लोमाचे राहिलेले दोन विषय द्यायचे आहेत.

निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर

रविवारी सकाळी या. किल्ली मुलांकडेच असते, नोंदवहीत नाव लिहा आणि बसा. फक्त दुचाकी फाटकाच्या आत लावू नका, त्यावरून आमच्याकडे अजून भांडणे होतात.