शब्दचर्चा : ‘एकमत’, ‘सहमती’ अन् ‘सर्वसहमती’

पांदणवाट : सार्क म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना, तिच्या बातमीत ‘निर्णय एकमताने’ असते, आग्नेय आशियाई देशांच्या आसियानच्या बातमीत ‘सहमतीने’. फरक आहे की बातमीदाराची लहर? अन् ‘शिखर संमेलन’ चालते का?

मोहफूल : फरक आहे भाऊ. सार्कच्या सनदेतलं दहावं कलम सांगतं, सर्व पातळ्यांवरचे निर्णय एकमताने. म्हणजे आठही देशांचा होकार हवा. आसियानची रीत सल्लामसलत अन् सहमती. कोणी हरकत घेतली नाही की विषय पुढे सरकतो, मनातून पटो न पटो. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेची ‘सर्वसहमती’ मात्र वेगळी. तिथे आधी अभ्यासगटात खल होतो, मग सगळ्यांना पटेस्तोवर चर्चा. म्हणून ती आसियानपेक्षा सार्कच्या एकमताजवळ जाते. तीनही शब्द एकाच मापाने मोजू नये.

कास्तकार : ‘शिखर संमेलन’ हिंदीतून आलेलं. मराठीत संमेलन म्हटलं की मांडव अन् जेवणावळी आठवतात. ‘शिखर परिषद’च लिहा. ‘राष्ट्रप्रमुखांची परिषद’ हेही अर्धवट. आपले पंतप्रधान शासनप्रमुख, राष्ट्रप्रमुख राष्ट्रपती. मालदीवचे राष्ट्राध्यक्ष दोन्ही. म्हणूनच सनदेत ‘राष्ट्रप्रमुख किंवा शासनप्रमुख’ अशी जोडी आहे.

पांदणवाट : पण परिषदेच्या दोन दिवसांत एवढं ठरते कसं?

मोहफूल : ठरत नाही, आधीच ठरलेलं असते. सार्कमध्ये आधी अधिकारी, मग परराष्ट्र सचिवांची स्थायी समिती, मग परराष्ट्रमंत्री, शेवटी नेते. अशा वाटाघाटींत मसुद्यातला वादाचा शब्द चौकटी कंसात ठेवतात : ‘सदस्य देश [करतील] [करण्याचा प्रयत्न करतील]’. प्रत्येक पायरीवर कंस कमी करत न्यायचे. जो सुटत नाही, तिथे एक तर मवाळ शब्द येतो, नाहीतर वाक्यच गळते. जाहीरनामे गुळमुळीत काऊन असतात, ते इथे कळते.

कधी कंस नसतो, सहीच अडते. सार्कच्या २०१४ च्या काठमांडू परिषदेत मोटार वाहने, रेल्वे अन् वीज असे तीन करार मांडले होते. आपली अंतर्गत प्रक्रिया बाकी आहे, असं पाकिस्तानने सांगितलं. शेवटच्या दिवशी, काठमांडूजवळच्या धुलिखेलच्या रिट्रीटनंतर, विजेच्या करारावर तेवढी सही झाली.

कास्तकार : त्या ‘रिट्रीट’चं ‘माघार’ करू नका, बाप्पा! अधिकाऱ्यांच्या लवाजम्याविना नेत्यांनी बसायची ती अनौपचारिक बैठक.

पांदणवाट : मग सार्कची २०१६ ची, न झालेली इस्लामाबादची परिषद ‘तहकूब’ म्हणावी का?

मोहफूल : नाही. ग्रामसभेत गणपूर्ती, म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी कमी तो आकडा, भरली नाही की सभा तहकूब होते, अन् त्या तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. सार्कमध्ये ही सोय नाही. सगळे आल्याशिवाय परिषदच बसत नाही. उरी हल्ल्यानंतर भारताने नकार कळवला, पाठोपाठ बांगलादेश, भूतान अन् अफगाणिस्ताननेही. सभा बसलीच नव्हती, तर तहकूब काय होणार? ‘पुढे ढकलली’ लिहा.