जुन्या डायव्हरचा नवा अवतार: घ्यावा का?

खोलपाणी
दिवाळीपासून डोक्यात एकच भुंगा आहे. सेइकोचं ६२ मास. जपानचं पहिलं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, १९६५ चं. ३७ मिमीची केस (घड्याळाचं बाहेरचं घर), १५० मीटरची हमी, जाडजूड चावी. पुढच्याच वर्षी निघालेल्या जपानी अंटार्क्टिक मोहिमेतही ते गेलं होतं. कंपनीने २०१७ मध्ये त्याची जवळपास हुबेहूब आवृत्ती काढली, फक्त २००० नग. ती आपल्या ऐपतीबाहेर. मग २०२० मध्ये त्याच चेहऱ्याचं एसपीबी१४३ आलं. ४०.५ मिमी, २०० मीटर, ७० तासांचा पॉवर रिझर्व्ह (पूर्ण चावी भरली की तेवढं चालतं), तेव्हा अमेरिकेत किंमत १२०० डॉलर होती.

माझं मत: घ्यायचं तर नवंच घ्यावं. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक जुना डायव्हर घेतला होता. फोटोत काय दिसत होता! घड्याळजींनी उघडला तर डायल रंगवलेली, काटे भलत्याच मॉडेलचे आणि चावीखालचं पाणी अडवणारं गॅस्केट दगड झालेलं. म्हणाले, "साहेब, हे पाण्यात नेणं तर सोडाच, पाण्याच्या तांब्याशेजारीही ठेवू नका." नवं घड्याळ निदान खोटं तरी बोलत नाही.

किल्लीवाला
पूर्ण असहमत. तुम्ही न बघता घेतलंत, त्याचं खापर जुन्या घड्याळांवर का? आपल्याकडच्या रंगवलेल्या डायलच्या सेइको ५ आणि एचएमटींना परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून हसतात. पण ती ओळखता येतात. अक्षरांच्या कडा, मिनिटांच्या रेघा, लोगोची जागा बघायची सवय लागते. थोडे महिने नुसतं बघत बसायचं, खिशात हात घालायचा नाही.

आणि नवं खोटं बोलत नाही म्हणे! ३७ चं ४०.५ केलं, तिथेच बोललं की. मनगटावर साडेतीन मिलिमीटर म्हणजे अंगरख्याचा ओव्हरकोट. शिवाय नव्यातल्या ६आर३५ मशीनची अधिकृत अचूकता दिवसाला +२५ ते -१५ सेकंद. महिन्यात बारा मिनिटं पुढे गेलं तरी कंपनी म्हणणार, नियमात बसतंय. एवढ्या पैशात?

तारकर्लीकर
मी मालवणला डायव्हिंग करतो, म्हणून एकच मुद्दा: बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरणारी कडी, जिच्यावरून पाण्याखाली झालेला वेळ मोजतात. जुन्या ६२ मासचा बेझल दोन्हीकडे फिरतो. पाण्याखाली टाकीच्या पट्ट्याला घासून तो सरकला, तर वीस मिनिटं झाली असताना बारा दाखवेल. नव्याचा फक्त डावीकडे फिरतो. सरकला तरी झालेला वेळ जास्तच दिसतो, म्हणजे तुम्ही लवकर वर येता. चुकायचंच तर अशा बाजूने चुकावं.

बाकी १५० की २०० मीटर हा वाद दुकानातला. हौशी डायव्हर जास्तीत जास्त तीस-चाळीस मीटरपर्यंत जातो. हल्ली एका मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो, घड्याळ दुसऱ्यावर राखीव. पण राखीव म्हणून साठ वर्षांपूर्वीची केस? नको रे बाबा.

खडूस
पुण्यात बसून डायव्हर घेणाऱ्यांनी आधी सांगावं, सगळ्यात खोल पाणी कुठलं पाहिलंत? बादली सोडून.

माझी तक्रार वेगळी आहे. काही कंपन्या नव्या घड्याळाचं लुम, म्हणजे अंधारात चमकणारा लेप, मुद्दाम पिवळसर करतात. जुन्या घड्याळांत रेडियम, नंतर ट्रिटियम असायचं. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं. त्याचा उजेड विझत गेला, लेप पिवळा पडत गेला, तो रंग त्या घड्याळाने कमावला होता. आजच्या लुममध्ये किरणोत्सर्ग नाहीच, मग हा रंग कसला? बाळाला जन्मतः पांढरी दाढी चिकटवल्यासारखं.

आणि ही आठवण कुणाची? १९६५ मध्ये एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना जेमतेम चार वर्षांचा होता. आपल्या बापजाद्यांच्या हातावर ती घड्याळं आली. सेइकोच्या डायव्हरची हुरहूर आपल्याला कुठून लागली?

खोलपाणी
@किल्लीवाला, आकाराचं मान्य. दुकानात घालून बघितल्याशिवाय पैसे टाकणार नाही.
@तारकर्लीकर, बेझलचं हे गणित माहीत नव्हतं, धन्यवाद.
@खडूस, एसपीबी१४३ चं लुम तितकं पिवळं नाही, दाढी नुसती फुटतेय. आणि आठवण आपलीच हवी हा आग्रह का? आज पैठणी नेसणाऱ्या बाईने पेशवाई पाहिलेली असते का?

किल्लीवाला
पैठणीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. अस्सल पैठणी अजून हातमागावरच विणतात. तुमच्या घड्याळात ६२ मासच्या जुन्या ६२१७ मशीनचं काय उरलंय? एक स्क्रूही नाही. उरलाय तो चेहरा.

खोलपाणी
चेहराच तर आवडलाय. मशीन नवं आहे म्हणून तर घेतोय, जुन्याचे सुटे भाग शोधत मला चोरबाजार पालथा घालायचा नाहीये.

खडूस
म्हणजे जुन्याची हौस, पण जुनेपणाचा त्रास नको. लोक वाड्याच्या दरवाजाचा फोटो हॉलमध्ये लावतात, तसं.

खोलपाणी
हो, तसंच. वाड्यात राहिलोय मी. फोटो पुरे.

किल्लीवाला
अवांतर: तो फसलेला डायव्हर अजून आहे का? केस मूळची आणि पॉलिश न केलेली असेल तर मी घेईन. डायल तुम्हीच ठेवा.

खोलपाणी
आहे, कपाटात. या वेळी फोटो पाठवणार नाही, येऊन बघा.