सल्ला हवा: स्वतःच्या मापाचा पेपर मॅशेचा ड्रेस फॉर्म घरी कसा करावा?

सुईदोरा

चार वर्षं झाली, माझे कपडे मीच शिवते. छाती, कंबर, सीट मापाप्रमाणे येतं, पाठ मात्र दरवेळी फसते. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे आणि मानेखाली पाठीला थोडा बाक आहे. स्वतःच्या पाठीवर स्वतः टाचण्या लावता येत नाहीत. आरशात बघायला मान वळवली की खांदा उचलला जातो आणि कापड सरकतं. विकतचे ड्रेस फॉर्म, म्हणजे कपडा चढवून फिटिंग बघायचे धडाचे पुतळे, पाहिले. चकत्या फिरवून छाती-कंबर कमीजास्त करता येते, पण दोन्ही खांदे एकसारखे आणि पाठ सरळ. मग माझी अडचण आहे तिथेच राहते.

म्हणून अंगावरूनच पेपर मॅशेचा, म्हणजे खळीत भिजवलेल्या कागदाच्या थरांचा, फॉर्म करायचं ठरवलं आणि मागच्या महिन्यात एकदा करून पाहिला. जुना घट्ट टी-शर्ट घातला, बहिणीने वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून वरून डकवल्या. दीड तास उभी होते. ओल्याने अंग गार पडलं, कागद वाळला नाही, आणि काढताना सगळं कमरेपाशी मुडपलं. ज्यांनी असा फॉर्म केलाय त्यांनी कृपया सांगा: खळ चुकली की पद्धत? किती थर लागतात? आणि इतक्या कडक कागदावर टाचणी टोचते का?

कागदवेडी

अगं, खळ बरोबर होती. ओला वर्तमानपत्राचा कागद अंगावर वाळतच नाही. तीन थर नीट वाळायला पंख्याखालीसुद्धा एक दिवस लागतो, आणि तितका वेळ कोणी पुतळ्यासारखं उभं राहू शकत नाही. अंगाचा आकार पटकन धरणारं काहीतरी आधी लावायचं, त्याचं कवच काढून घ्यायचं, आणि पेपर मॅशे त्या कवचाला बळकटी द्यायला वापरायचं.

मी कवचासाठी पार्सलवर लावतात ती खाकी कागदी पट्टी वापरते. प्लॅस्टिकची नव्हे, जिच्या पाठीला कोरडा डिंक असतो आणि जी पाणी लावल्यावर चिकटते ती. ओल्या स्पंजवरून एकदाच फिरवायची, बुडवायची नाही. पाणी इतकं कमी लागतं की दोन थर अंगावर असतानाच हेअर ड्रायरच्या कोमट हवेने कडक होतात. ५ सेंमी रुंदीची पट्टी चांगली. सपाट भागासाठी वीतभर लांबीचे तुकडे, छातीच्या गोलाईसाठी आणि मुंढ्याजवळ (बाही जोडतात तिथे) बोटभर लांबीचे. गोलाईवर लांब पट्टी लावली तर चुणी पडते, आणि ती चुणी पुढे प्रत्येक कपड्याच्या फिटिंगमध्ये दिसते. सगळे तुकडे आधीच कापून ढीग करून ठेव. ऐनवेळी कात्री शोधण्यातच अर्धा तास जातो.

आत जी ब्रा नेहमी घालतेस तीच घाल. वेगळी घातलीस तर छातीची उंची बदलते आणि सगळे टक्स (गोलाई येण्यासाठी शिवलेल्या घड्या) चुकीच्या जागी येतात. तिच्यावर पातळ प्लॅस्टिकची फिल्म सैलसर, तिच्यावर फेकून द्यायचा टी-शर्ट. गळ्याभोवती फिल्म गुंडाळायची नाही. तिथे कापडाचा तुकडा ठेवायचा. कमरेला एक बारीक इलॅस्टिक बांध आणि दोन-चार वेळा वाक. ते आपोआप खऱ्या कमरेवर जाऊन बसतं. पहिली पट्टी छातीखालून, दुसरी कमरेभोवती, मग दोन्हींमधला भाग तिरक्या पट्ट्यांनी भरायचा. दुसरा थर पहिल्याच्या उलट दिशेने.

आणि श्वास. पोट आत ओढून उभी राहिलीस तर फॉर्म तुझा राहणार नाही. बहिणीला सांग, तुझ्याशी गप्पा मारत राहा. बोलताना माणूस आपोआप नेहमीसारखा श्वास घेतो.

मापटेप

कागदवेडी यांच्याशी सहमत. एका गोष्टीकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही: जाडी. कवचावर बाहेरून ३ मिमी जाडीचा थर चढला तर घेर ३ मिमीने वाढत नाही. तो वाढतो २ गुणिले π (पाय, सुमारे ३.१४) गुणिले ३, म्हणजे जवळपास १९ मिमी. टी-शर्ट आणि वरचं आवरण धरलं तर ३ सेंमीपर्यंतही फरक पडतो. माझा पहिला फॉर्म असाच एक साइझ मोठा झाला होता, आणि त्यावर बेतलेले दोन ड्रेस मला सैल झाले.

उपाय: बळकटीचे थर आतून लावा. कवच दोन्ही कुशींवर कापून पुढचा आणि मागचा असे दोन अर्धे भाग करा, प्रत्येकाच्या आत पट्ट्या चिकटवा, वाळल्यावर जोडा. अर्धा भाग वाळताना कागद आकसतो आणि कडा आत वळतात. म्हणून छातीपाशी आणि कमरेपाशी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाड पुठ्ठ्याची आडवी पट्टी टेकण म्हणून लावायची. तिची लांबी अंगावरच मोजून घ्या, अंदाजाने नको. कापण्यापूर्वी कापायच्या रेषेवर दर ५ सेंमीवर आडव्या खुणा करा, म्हणजे जोडताना अर्धे भाग वरखाली होत नाहीत. कापायला बोथट टोकाची, बँडेज कापायची कात्री घ्या. तिचं खालचं पातं अंगाला लागत नाही.

चारखाना

मी वेगळ्या पद्धतीने करतो, तीही सांगतो. माझ्या मते आकार सगळ्यात अचूक येतो तो प्लास्टरच्या बँडेजमधून. त्यात अंगाचा उलटा साचा मिळतो. साच्याच्या आतल्या बाजूला कागद लावला की कागदाचा बाहेरचा पृष्ठभाग म्हणजेच तुमचं अंग. जाडी सगळी आत जाते, त्यामुळे मापटेप म्हणतात तो हिशेबच करावा लागत नाही. पॅरिसमध्ये १८६७ साली सुरू झालेल्या स्टॉकमन कारखान्याचे फॉर्मही पेपर मॅशेचेच, आणि साच्याच्या आत कागदाचे थर चिकटवून केलेले. हे तंत्र जुनं आणि पारखलेलं आहे.

काळजी मात्र घ्यावी लागते. बँडेज फक्त अंगाच्या एका बाजूला, पुढून किंवा मागून. एकाच वेळी सगळीकडून गुंडाळायचं नाही. त्वचेवर व्हॅसलीन भरपूर, किंवा वर फिल्म. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. बँडेजचे तीन-चार थर असले तर ऊब नुसती जाणवते, पण बादलीत कालवलेल्या प्लास्टरचा जाड गोळा अंगावर लावला तर भाजतं. ते कधीही करू नये. दहा-पंधरा मिनिटांत साचा सुटा होतो. दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा, आतून शेलॅकचे (लाखेच्या वार्निशचे) दोन हात द्यावेत, वर व्हॅसलीनचा पातळ हात, आणि मग कागद.

सुईदोरा

चारखाना, फार छान माहिती. पण प्लास्टरची मला भीती वाटते, आणि आमच्याकडे मदतीला एकटी बहीणच आहे. खाकी पट्टीने करते. मापटेप, आतून थर लावायचे हे डोक्यातच आलं नव्हतं. आतल्या थरांना खळ की फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद? आणि एकूण किती थर?

कागदवेडी

दोन्ही चालतं. पांढऱ्या गोंदाला बुरशी लागत नाही आणि थर कडक होतो. दोन भाग गोंदाला एक भाग पाणी. खळ लावायची तर शिजवून लाव. कच्च्या पिठाची खळ वाळल्यावर भुकटीसारखी सुटते. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. त्यात चमचाभर मीठ आणि लवंगेच्या तेलाचे थेंब, म्हणजे बुरशी लवकर धरत नाही. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालत, किडा लागू नये म्हणून. पण मोरचूद विषारी असतं. हातांनी तासन्‌तास मळायच्या कामात आणि घरात मुलं असताना ते नको.

थर सहा ते आठ. एका बैठकीत दोन किंवा तीनच लाव आणि पूर्ण वाळू दे. आतला थर दमट राहिला तर वरून कोरडं दिसतं आणि महिन्याने कुबट वास सुटतो. हात लावून बघ. गार लागला तर अजून ओलं आहे. वाळवायला पंखा घे. कडक उन्हात एक बाजू आधी आकसते आणि फॉर्म पिळवटतो.

कागद कात्रीने कापू नकोस, फाड. फाटलेली कड पातळ होत जाते, त्यामुळे एका पट्टीवर दुसरी बसताना पायरी दिसत नाही. वर्तमानपत्र एका दिशेला सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेला वाकडंतिकडं. सरळ फाटणारी दिशा हाताला दोन मिनिटांत कळते. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा कोऱ्या कागदाचा, असं आलटून पालटून लावलंस तर कुठला थर कुठे राहिला ते लगेच दिसतं.

उसवण

उभं राहण्याबद्दल एक. गुडघे ताठ करून उभी राहू नकोस, चक्कर येते. माझ्या मैत्रिणीला पाऊण तासाने आली, आणि अंगावरचं सगळं घाईने कापून काढावं लागलं. गुडघे सैल, पाय खांद्याएवढ्या अंतरावर, आधी पोटभर खाऊन, आणि पाणी जवळ. अंधारी आली तर लगेच कापायचं. कवच पुन्हा करता येतं.

टाचणीबद्दल: सहा-आठ थरांत टाचणी जात नाही, वाकते. म्हणून फॉर्मवर रजईत घालतात तसल्या पातळ कापसाच्या चादरीचा एक थर चिकटव आणि वरून ताणलं जाणारं कापड घट्ट शिवून घे. टाचणी सरळ न टोचता तिरकी, कापसातल्या कापसात घालायची. आवरणाची ही जाडी मापात धरायला विसरू नकोस. घेर जास्त झाला तर वर आणखी काही चढवण्याऐवजी कुशीतून जास्तीची उभी पट्टी कापून काढ आणि पुन्हा जोड. थोडा लहान झाला तर उलट बरंच. जिथे कमी आहे तिथे कापूस भरून माप नेमकं आणता येतं. मी मुद्दाम १ सेंमी लहान ठेवते.

मापटेप

उसवण यांचं शेवटचं वाक्य अधोरेखित करावं असं. वजन वाढलं तर लहान फॉर्मवर भर घालता येते.

आत स्प्रे फोम भरायचा मोह होईल. तो फुगताना कवच आतून ढकलतो, गरमही होतो, आणि घेर वाढतो. चुरगाळलेला कागद किंवा उशीतला फायबर पुरे.

सुईदोरा, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: कवच अंगावर असतानाच मानेच्या मागच्या हाडापासून ओळंबा सोडा आणि दोरीवरून पाठीची उभी रेषा आखा. तशीच एक पुढून आणि एकेक दोन्ही कुशींवरून. कमरेची आडवी रेषा जमिनीपासून पट्टीने मोजून आखा. या रेषा नसतील तर स्टँडवर बसवताना फॉर्म कुठल्या कलाने उभा करायचा ते कळत नाही. तुमचा खांदा खाली असल्यामुळे नजर फसेल आणि तुम्ही खांदे समपातळीत आणायला जाल.

सुईदोरा

पाच आठवड्यांनी लिहितेय. फॉर्म तयार आहे.

खाकी पट्टीच्या दोन थरांना अंगावर ५० मिनिटं लागली. उसवण, तुमचं ऐकून मध्ये दोनदा जागच्या जागी पावलं उचलली, त्याने खूप फरक पडला. कुशींवर कापून दोन भाग केले, आतून पांढऱ्या गोंदाने सात थर, चार बैठकांत. मागच्या भागाला पुठ्ठ्याचं टेकण दोन ठिकाणी लावलं होतं, पण खाली सीटपाशी लावलं नव्हतं. तिथे कड ८ मिमी आत वळली. ती जागा आतून ओली करून टेकण लावलं आणि पुन्हा वाळवली. बरीचशी सरळ झाली. जोडल्यावर छाती माझ्यापेक्षा ५ मिमी कमी, कंबर ९ मिमी कमी. कापसाचा थर आणि आवरण चढल्यावर दोन्ही मापं बरोबर जुळली.

स्टँडवर चढवताना नेमकं मापटेप म्हणाले तेच झालं. लाकडी दांडा मी नजरेने सरळ बसवला, फॉर्म छान ताठ दिसायला लागला. मग ओळंबा सोडला तर पाठीची रेषा कमरेपाशी २ सेंमी बाजूला. मी नकळत खांदे समपातळीत आणले होते. दांडा काढला, आतला पुठ्ठा पुन्हा कापला, तिरका बसवला. आता फॉर्म माझ्यासारखा उजवीकडे जरा खाली उभा आहे आणि दोरी रेषेवर आहे.

एक विचारायचं राहिलं. बाहेरून वार्निश द्यायचं का, की आवरण आहे म्हणून नको?

कागदवेडी

फार आनंद झाला! बाहेरून आवरण चिकटवलंयस, तिथे आता काही नको. आतून मात्र एक हात दे, खालच्या उघड्या कडेला दोन. दमट हवेत कागद पाणी शोषतो आणि सगळ्यात आधी कडच मऊ पडते. आणि कपडा फॉर्मवर असताना वाफेची इस्त्री जवळ धरू नकोस. इस्त्री कपडा काढून, टेबलावर.

सुईदोरा

आतून वार्निश दिलं. वाळेपर्यंत पाठीसाठी साधं सुती कापड कापून ठेवलंय, दोन्ही खांदे वेगवेगळे. उद्या टाचते.